फूल, दोन पानं आणि एक कलम

हे मडगावचं लोहिया मैदान. 18 जून 1946 ला राममनोहर लोहिया इथे बोलायला उभे राहिले आणि त्यांना अटक झाली, कारण पोर्तुगीज राज्यात परवानगीशिवाय सभा चालत नव्हती, काही छापायचं तर आधी सेन्सॉर, अगदी लग्नपत्रिकासुद्धा. 1954 मध्ये म्हापशाचे सर्जन डॉ. पुंडलिक गायतोंडे एका मेजवानीत बसलेले, भाषणात कुणीतरी म्हणालं गोवा म्हणजे पोर्तुगालच, त्यावर ते फक्त माझा निषेध आहे म्हणाले. तेवढ्यावरून धरून पोर्तुगालला नेलं त्यांना.

1961 ला गोवा मुक्त झाला, सेन्सॉर गेला. पण भारताच्या कायद्यांबरोबर ब्रिटिशांच्या दंड संहितेतली दोन कलमं आपल्याकडे आली, 1898 चं 153अ आणि 1927 चं 295अ. गटागटांत द्वेष पसरवणं, धार्मिक भावना दुखावणं वगैरे. 1 जुलै 2024 पासून ती नव्या भारतीय न्याय संहितेत 196 आणि 299 झालीत, आकडे बदलले बाकी जवळजवळ तेच.

आता जरा 1967 आठवा. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर मतदान, विलीन व्हायचं तर खूण फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. एका बाजूला 'गोमन्तक', दुसऱ्या बाजूला 'राष्ट्रमत', दोन्ही मराठीच पेपर, आणि काय एकमेकांवर तुटून पडायचे! आमच्या घरात आजोबा फुलाचे, त्यांचे धाकटे भाऊ दोन पानांचे, महिनोन् महिने बोलणं बंद, तरी चवथीला दोघे गणपतीवर टांगलेल्या एकाच माटोळीखाली आरतीला उभे. 16 जानेवारीला मतदान झालं, 34,021 मतांनी दोन पानं जिंकली. लिहिलेल्याला उत्तर लिहूनच दिलं लोकांनी आणि शेवटी मत देऊन.

पण सगळंच असं गोड नाही हो. 1986 च्या भाषा आंदोलनात माणसं मेली. म्हणून जमावाला अमक्याला मारा सांगणाऱ्याला शिक्षा हवीच, त्यात मला अजिबात शंका नाही.

भावना दुखावण्याचं मात्र वेगळं आहे. 2014 मध्ये आपल्याच गोव्यात एका तरुणावर फेसबुक पोस्टवरून गुन्हा नोंदला, त्यात 153अ होतं, 295अ होतं आणि आयटी कायद्याचं 66अ पण. त्यातलं 66अ सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं, बाकीची दोन तशीच. या कलमांत पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात आणि खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, म्हणजे कुणाचा द्वेष कोर्टात जाणार नि कुणाचा फाईलीत पडून राहणार हे खुर्चीवर बसलेला ठरवणार, आज एक पक्ष, उद्या दुसरा. कॅनडाच्या संसदेने 2013 मध्ये आपल्या मानवाधिकार कायद्यातलं द्वेषाच्या मजकुराचं कलम 13 काढलं, फौजदारी कायद्यातला द्वेष भडकवण्याचा गुन्हा तेवढा ठेवला.

आपल्याकडेही 299 जायला हवं आणि 196 मध्ये फक्त हिंसेची चिथावणी राहायला हवी. हे मी या मैदानात उभं राहून म्हणतोय, माईक चालू आहे, आणि परवानगी कुणाची घेतलेली नाही.