कडेला बसणाऱ्यांचे मैदान

श्रोतेहो, महापालिकेच्या एखाद्या नव्या उद्यानाचे उद्घाटन झाले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत झोपाळे किती, घसरगुंड्या किती आणि जॉगिंग ट्रॅक किती लांबीचा, याचा तपशील असतो. परंतु त्या झोपाळ्यावर बसायला आलेल्या मुलाची आजी संध्याकाळभर कुठे टेकणार, हे त्या बातमीत सहसा सापडत नाही. कुटुंबाने मिळून जाण्याजोगी बाग कोणती, हे ठरवताना मी प्रथम खेळणी पाहत नाही, कड पाहतो. हे माझे मत दादरच्या शिवाजी पार्कवरून बनले आहे आणि आजचे विवेचनही त्याच मैदानापुरते ठेवणार आहे.

1896 साली मुंबईत प्लेग पसरला आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्यांमधून माणसांना बाहेर काढून उत्तरेकडे, दादर-माटुंग्याच्या बाजूला, रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा राखलेल्या वसाहती वसवाव्यात, हा विचार त्या काळात बळावला. महापालिकेचे हे मैदान 1925 साली लोकांसाठी खुले झाले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने 1927 मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. क्षेत्रफळ सुमारे 28 एकर. पुढे मैदानाभोवती इमारती उभ्या राहिल्या, त्या तीन-चार मजली आणि गच्च्या-गॅलऱ्यांच्या, त्यामुळे मैदानात खेळणारे मूल घरातून दिसत असे. हल्लीच्या उंच मनोऱ्यांमधून ते दिसत असेलही, पण हाक मारली तर ऐकू जाणार नाही.

या मैदानाची खरी करामत त्याचा कट्टा आहे. मैदानाला वळसा घालणारी, बसता येईल इतक्याच उंचीची ही भिंत एक किलोमीटरहून थोडी अधिक लांब आहे आणि तिच्या बऱ्याच भागावर जुन्या पर्जन्यवृक्षांची सावली पडते. मैदान कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो, हे तीन वर्षांच्या मुलालाही या भिंतीमुळे समजते. तरीही ती कोणाला अडवत नाही, कारण तिला कुलूप लागणारे फाटक नाही आणि दुपारी बारा ते चार बंद असल्याची पाटीही नाही. मैदानाकडे तोंड करून बसणारा सामना पाहतो, रस्त्याकडे तोंड करून बसणारा ओळखीच्या माणसाची वाट पाहतो, आणि दोघांच्या मागून-पुढून फेऱ्या मारणारे चालत राहतात. बाक ठेवला की त्यावर तीन माणसे मावतात आणि चौथा उभा राहतो. कट्ट्यावर मात्र चौथ्यासाठी सरकून घेता येते. कॉलेजातली मुले, निवृत्त मास्तर आणि तान्हे मूल मांडीवर घेतलेली आई एकाच ओळीत, एकमेकांची ओळख नसताना बसलेली दिसतात, ती याच सोयीमुळे.

मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. तिथला म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराचे घर, पाहायला मुंबईतल्या मुलांच्या कित्येक पिढ्या गेल्या. तो बूट ज्या इंग्रजी बालगीतावरून आला ते गीत त्यांच्या आज्यांनी ऐकलेलेही नसेल, तरी मुलांना त्याचे काही अडले नाही. मात्र बूट वर्षातून एकदा, सहलीला किंवा पाहुणे आले की पाहायचा असतो. घराशेजारच्या मैदानात पाहण्यासारखे काही नसले तरी चालते. तिथे रोज जायचे असते.

शिवाजी पार्कात घसरगुंड्यांची बालोद्यानाची जागा आहे, ज्येष्ठांसाठी नाना-नानी पार्क आहे, गणपतीचे देऊळ आहे, समर्थ व्यायाम मंदिरात मुलामुलींना मल्लखांब शिकवला जातो. रमाकांत आचरेकरांनी याच मैदानावर सचिन तेंडुलकरला घडवले, हे आपण सारे जाणताच, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. पालकांना मला वेगळेच सांगायचे आहे: सुट्टीच्या सकाळी तिथे एकाच वेळी अनेक सामने चालतात, एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो आणि सीझन बॉल कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही. चालायला नुकतेच शिकलेले मूल अशा वेळी मैदानाच्या मध्यभागी सोडू नये. ते कट्ट्यालगत राहिलेले बरे.

दोन गोष्टींबाबत या मैदानाची स्तुती करता येत नाही. पहिली गोष्ट सभांची. हे मैदान संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीपासून राजकीय सभांचे राहिले आहे, आणि दर 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांचा मुक्कामही इथेच असतो. त्या मुक्कामाविषयी माझी काहीच तक्रार नाही. दुरून आलेल्या माणसांना टेकायला जागा देणे हे सार्वजनिक मैदानाचे कामच आहे. ध्वनिवर्धकांची गोष्ट निराळी होती, आणि 2010 साली मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला तेव्हा आसपासच्या घरांतल्या तान्ह्या मुलांची आणि आजारी माणसांची बाजू प्रथमच गांभीर्याने ऐकली गेली.

दुसरी गोष्ट धुळीची. मैदानावरची लाल माती कोरड्या महिन्यांत वाऱ्याबरोबर उडते आणि कट्ट्यावर बसलेल्यांच्या नाकातोंडात जाते. खेळणाऱ्यांना टणक जमीन हवी असते, राहणाऱ्यांना हिरवळ हवी असते, आणि दोन्ही मागण्या रास्त असल्याने हा वाद लवकर मिटेल असे मला वाटत नाही. तोवर ज्यांच्या मुलांना दम्याचा त्रास आहे त्यांनी उन्हाळ्यातली वाऱ्याची संध्याकाळ टाळून सकाळी लवकर, सामने सुरू होण्यापूर्वी यावे आणि समुद्राचा वारा ज्या दिशेने येतो त्या पश्चिमेकडच्या कट्ट्यावर बसावे. मैदानातली धूळ त्या बाजूला तुलनेने कमी येते.