दुधाची दाढ आणि हजार विड्या

मंडळी, विषय जाहीर झालाय तो ‘मुलांची दातदुखी आणि घरची परिस्थिती’. परिस्थितीकडे येतोच, पण आधी एका वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, तेवढं ऐकून घ्या. ‘दुधाचे दात हायत ओ, पडणारच की!’ सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या दवाखान्यात हे रोज ऐकतो. म्हणणाऱ्यांत पदवीधरही असतात.

सात वर्षांची एक मुलगी आली होती. रात्ररात्र रडायची. आईनं लवंग धरून पाहिली, मग मिश्री लावली. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि ती लेकराच्या हिरडीवर! “दुधाची दाढ हाय, पडंल,” आई म्हणाली. बघतो तर कायमची दाढ. सहाव्या वर्षाच्या सुमारास ही दाढ दुधाच्या दाढांच्या मागे येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं घरात कुणाला कळतच नाही. ती गेली की परत येत नाही.

बरं, दुधाचीच असती तरी? दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. पाचव्या वर्षी किडलेली दाढ लेकरानं तोवर सोसायची? आडवं झालं की ठणका वाढतो, झोप होत नाही. मूल कडक भाकरी टाकतं, चहात बुडवलेलं बिस्किट तेवढं खातं, आणि त्यानं कीड आणखी वाढते. इथं शिक्षक बसलेत, त्यांना विनवतो: वर्गात पेंगणाऱ्या पोराला रागवण्याआधी त्याला ‘आ’ करायला सांगा.

पाचच मिनिटं उरली म्हणून चिठ्ठी आलीय. तेव्हा मुद्द्याचं भराभर सांगतो. ती आई विड्या वळते, तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पोराला सिव्हिलला नेलं की त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून गाल सुजल्यावरच मूल येतं आणि तोवर बहुतेकदा दाढ काढण्यावाचून इलाज उरत नाही. विड्या वळताना पोर गप्प बसावं म्हणून हातात पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा दिला जातो. गोड किती खाल्लं याइतकंच दिवसातून किती वेळा खाल्लं हेही महत्त्वाचं असतं. याला आईचा निष्काळजीपणा म्हणणं मला मान्य नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतं. त्यांच्या यादीत दातांची कीडही आहे. पण पुढच्या उपचाराची चिठ्ठी हातात पडली की पुन्हा आईचाच दिवस मोडतो. म्हणून माझी मागणी आहे की उपचार वस्तीत यावेत. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत, म्हणजे विडी कामगारांच्या वस्तीत यावेत, सुट्टीच्या दिवशी यावेत. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. मशीन न लावता ते किडीवर लावता येतं आणि बऱ्याचदा कीड थांबते. त्यानं किडलेली जागा काळी पडते, हे आईला आधी सांगायला हवं.

प्रश्नांना वेळ नाही म्हणतात. मी खाली दाराशी थांबतो. मुलं बरोबर असतील तर घेऊन या, दाढा बघून देतो.