ग्लासगोच्या बोळातील खिडक्या

वर्गातल्या पडद्यावर दिसणारा हा बोळ ग्लासगो शहराच्या हाय स्ट्रीटवरील 118 क्रमांकाचा आहे आणि टॉमस ॲनन यांनी त्याचे हे छायाचित्र 1868 मध्ये घेतले. दोन्ही बाजूंना उंच दगडी भिंती आहेत, मधल्या ओल्या फरशीवरून गटाराचा ओघळ गेला आहे आणि थोडी माणसे कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी आहेत. स्कॉटलंडमध्ये अशा बोळाला ‘क्लोज’ म्हणतात.

हे छायाचित्र वर्गात दाखवले, की ‘किती ही गरिबी!’ असे म्हणून विद्यार्थी मोकळे होतात. शिक्षकाने त्यांना तिथेच थांबवलेले बरे. आधी जे डोळ्यांना दिसते तेवढेच सांगायचे आणि अनुमानाकडे त्यानंतर वळायचे, हा क्रम पाळला तर चित्र बरेच काही देते. काही चेहरे पुसट का आहेत, असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. त्या काळी कलोडियन या चिकट रसायनाचा ओला लेप दिलेल्या काचेवर छायाचित्र उमटवावे लागे आणि अशा अंधाऱ्या जागी भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात जो हलला, तो पुसट झाला.

मग छायाचित्र कोणासाठी घेतले, हा प्रश्न येतो. 1866 च्या कायद्याने ग्लासगोत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि जुन्या शहरातील सुमारे 88 एकर भागातील घरे विकत घेऊन पाडण्याचा अधिकार त्याला मिळाला. (प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टपुढे हाच नमुना होता.) पाडण्यापूर्वी या बोळांची नोंद राहावी म्हणून ॲनन यांना 1868 ते 1871 या काळात काम देण्यात आले. म्हणजे ज्यांनी ही वस्ती नाहीशी करण्याचे ठरवले होते, त्यांच्याच सांगण्यावरून ही छायाचित्रे निघाली. पश्चिमेकडील धनिकांचे प्रशस्त रस्ते त्यांत शोधूनही सापडणार नाहीत.

जुनी चित्रेही याच कसोटीवर तपासावी लागतात. रॉथिमेच्या जेम्स गॉर्डन यांनी 1647 मध्ये काढलेल्या एडिनबराच्या नकाशात मुख्य रस्ता आणि त्याला दोन्ही अंगांनी फुटलेले क्लोज माशाच्या काट्यासारखे दिसतात. लष्करी अभियंता जॉन स्लेझर यांनी 1693 च्या ग्रंथात शहरे दाखवली ती बाहेरून, लांबून. मनोरे आणि किल्ले ठळक दिसतात, पण बोळात कोण कसे राहत होते, हे त्या अंतरावरून कळणे शक्य नाही.

ॲनन यांच्या छायाचित्राशेजारी जनगणनेची पाने ठेवली, की मात्र वर्गातील काम खऱ्या अर्थाने सुरू होते. स्कॉटलंडच्या जनगणनेत 1861 पासून प्रत्येक कुटुंबाकडे खिडकी असलेल्या खोल्या किती, हेही विचारले जाऊ लागले. विद्यार्थ्यांनी छायाचित्रातील खिडक्या मोजाव्यात, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर तो बोळ शोधावा आणि त्या पत्त्यावर एका खोलीत किती माणसे राहत होती, हे नोंदीतून काढावे. 1855 पासून दर वर्षी तयार होणाऱ्या घरमूल्यांकनाच्या याद्यांमध्ये मालक, भाडेकरू आणि भाडे यांची नोंद आहे. परंतु वार्षिक भाडे चार पौंडांपेक्षा कमी असेल, तर राहणाऱ्याचे नाव लिहिणे बंधनकारक नव्हते. छायाचित्रात समोर उभ्या असलेल्या माणसांपैकी काहींची नावे या याद्यांत नसण्याचे कारण कदाचित हेच असेल.

पाडकाम पुढे बरेच झाले, पण नवी घरे त्या गतीने उभी राहिली नाहीत आणि 1878 मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाल्यावर बांधकाम आणखी रखडले. बोळातील लोक कुठे गेले, हे ॲनन यांच्या छायाचित्रांत दिसत नाही. त्यासाठी विद्यार्थ्यांना 1881 च्या जनगणनेत आजूबाजूचे रस्ते धुंडाळावे लागतात.