एका पिक्सेलची तक्रार

मित्रांनो, आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात यायला लागली, तेव्हा आम्ही काही जण फोटोवरून फळांची प्रतवारी करणारी छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येईल असा तयार कोड, लिहीत होतो. फोटो पहाटेचे, जरा अंधारे. म्हणून प्रत्येक फोटोचा उजेड थोडा वाढवला, तर चांगल्या टवटवीत संत्र्यांवर काळे डाग उमटले आणि प्रोग्रामने ती फळं सडकी ठरवली.

आमच्या बग-यादीत, म्हणजे कोडमधल्या चुकांच्या यादीत, पहिली नोंद पडली ती अशी: "उजेड वाढवल्यावर फोटो बिघडतो." महिनाभर तिला कुणी हात लावला नाही. लावणार तरी कसा? कोणता फोटो, कोणतं व्हर्जन, उजेड किती वाढवला, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, यातलं काहीच तिच्यात नव्हतं.

शेवटी आमच्यातल्या एका मुलीने तो फोटो कापायला घेतला. आधी पूर्ण पेटी, मग एकच संत्रं, मग त्याच्या सालीवरची चमक, आणि शेवटी एक पिक्सेल, म्हणजे फोटोतला सर्वात लहान ठिपका. त्याच्या उजेडाची किंमत 250. त्यात 10 मिळवले की उत्तर येत होतं 4. ही किंमत आठ बिटांत साठवतात आणि तिथे 0 (काळा) ते 255 (पांढरा) एवढेच आकडे मावतात; त्यापुढे गेलं की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. फळावरची जी जागा सर्वात पांढरी, तीच काळी पडत होती. तिने नोंद नव्याने लिहिली, तीन ओळींची. त्याच संध्याकाळी दुरुस्ती झाली.

दुरुस्ती करायची कुठे, यावर मात्र वाद झाला. बेरीज नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची होती, पण नमपायचं हे वागणं ठरलेलं आहे, त्यांच्याकडे तक्रार नेण्यात अर्थ नव्हता. ओपनसीव्ही या फोटो हाताळणाऱ्या लायब्ररीचं बेरजेचं फंक्शन अशा वेळी 255 वर थांबतं. आम्हाला तेच हवं होतं आणि आम्ही ते तपासलं नव्हतं. बग आमचा होता.

सुधारणांची यादी बगांपासून वेगळी ठेवा, हे मी कळकळीने सांगतो. ओपनसीव्ही फोटो वाचताना रंग निळा, हिरवा, लाल अशा क्रमाने ठेवतं. फोटो दाखवणारे बरेच प्रोग्राम उलटा क्रम धरतात, म्हणून नवशिक्याचं संत्रं हमखास निळं दिसतं. तो बग समजून तक्रार करतो. पण हा क्रम आज उलटवला, तर त्यावर विसंबलेले जगभरचे प्रोग्राम चुकतील. अशी सुधारणा कितीही चांगली वाटली, तरी तिची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते. म्हणून ती आधी सांगावी लागते. पिलो या फोटोंच्या आणखी एका लायब्ररीने फोटोचा आकार बदलण्याच्या एका पद्धतीचं 'अँटीअलायस' हे जुनं नाव काढायचं ठरवलं, तेव्हा आधीच्या व्हर्जनांत इशारा दिला, त्याऐवजी 'लँक्झोस' हे नाव वापरा असं सांगितलं, आणि मग जुलै 2023 मध्ये 10.0 आलं तेव्हा ते काढलं. इशारे न वाचणाऱ्यांचे प्रोग्राम त्या दिवशी अडले, पण का अडले ते शोधायला लेखी नोंद होती.

आमचा तो एक पिक्सेल आम्ही टाकून दिला नाही. त्याची टेस्ट, म्हणजे आपोआप होणारी तपासणी, केली. कोडमध्ये काहीही बदललं की ती चालते. गेल्या उन्हाळ्यात वेग वाढावा म्हणून एकाने ते फंक्शन नव्याने लिहिलं, मनापासून, छान लिहिलं. टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास. 250 अधिक 10, उत्तर पुन्हा 4.