उसना झगा

[दृश्य: मेकअपची खोली. आरसा. पट्टीवर चढणारा लाल रंग.]

मॅकबेथच्या आधी रंगमंचावर हा जखमी शिपाई येतो. मॅकबेथ कोण, ते आपल्याला पहिल्यांदा हाच सांगतो: बंडखोराला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरणारा, राजा डंकनसाठी जिवावर उदार झालेला सरदार. शेक्सपिअरने १६०६च्या सुमारास हे नाटक लिहिलं ते अशा इमानी माणसाबद्दल. तालमीतही तो तसाच दिसायला हवा. पहिल्यापासून डोळे वटारून वावरणारा मॅकबेथ म्हणजे नाटकाचा घात.

[दृश्य: झगा. खांद्याशी टाचण्या.]

हा झगा कॉडॉरच्या सरदारकीचा. आधीचा कॉडॉर फितूर निघाला, म्हणून सरदारकी मॅकबेथकडे आली. हे उसने कपडे मला का चढवता, असं तो स्वतःच विचारतो. नटाच्या अंगाला झगा मोठा होतोय; खांद्याशी चार टाचण्या माराव्या लागल्या. त्या फितुराबद्दल राजा म्हणतो, माझा त्याच्यावर पूर्ण भरवसा होता. आणि नेमका तेव्हाच मॅकबेथ आत येतो.

वाटेत भेटलेल्या चेटकिणींनी मॅकबेथला राजा होशील एवढंच सांगितलं. खुनाचं नाव काढलं नाही. मग राजाने मुलाला, माल्कमला, वारस केलं. तिथेच मॅकबेथ ताऱ्यांना विनवतो: दिवे झाका, माझ्या मनातलं काळं कुणाला दिसू नये. बायकोची भेट अजून व्हायचीय. तरी खुनाचं सगळं खापर तिच्याच डोक्यावर फोडलं जातं, हे आम्हाला पटत नाही.

[दृश्य: मेणबत्ती. बंद दार. नट एकटा.]

आत राजा जेवतोय. मॅकबेथ पंगतीतून उठून आलाय. मी त्याचा आप्त, त्याचा चाकर, आणि आज त्याचा यजमान. मारेकरी आला तर दार लावून घ्यायचं मी. सुरा मीच कसा धरू? राजा किती सालस आहे, हेही तोच बोलतो. मागे खेचणारी कारणं ढीगभर, पुढे रेटणारी एकटी महत्त्वाकांक्षा. नटाने हे स्वगत दाराला पाठ टेकून म्हटलं, तेव्हा तालमीत कुणी हललं नाही. इतकं लख्ख दिसत असताना हा माणूस राजाला मारायला त्याच्या खोलीत जातो.

इतिहासातला डंकन १०४०मध्ये लढाईत पडला. झोपलेल्या पाहुण्यावर उगारलेला सुरा नाटकातला.

मॅकबेथ राजा होतो. पुढे त्याचा सोबती सरदार बँको जातो, मॅकडफ नावाच्या सरदाराची बायकामुलं जातात, शेवटी मॅकबेथचं शीर.

[दृश्य: पाचव्या अंकाआधीची विंग.]

आता एक सरदार म्हणेल, राक्षसाचा झगा ठेंगू चोराने घालावा तशी राजपदवी याच्या अंगावर लोंबतेय. म्हणून खांद्याच्या चारही टाचण्या काढून घेतल्यात.