दुबळ्या पायालाही काम द्या

श्रोतेहो, नमस्कार.

घरातल्या माणसाला पक्षाघात झाला की पहिले काही दिवस जिवाच्या काळजीत जातात. तो धोका टळल्यावर आम्हा फिजिओथेरपिस्ट मंडळींना जवळजवळ प्रत्येक घरातून विचारला जाणारा पहिला प्रश्न म्हणजे, "हे पुन्हा चालतील ना?" बहुतेक वेळा या प्रश्नाचे उत्तर आशादायक असते. कोपनहेगनमध्ये सुमारे ८०० रुग्णांची नोंद ठेवून केलेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाचलेल्या रुग्णांपैकी ६४ टक्के जण पुनर्वसनाच्या अखेरीस स्वतंत्रपणे चालत होते आणि आणखी १४ टक्के कोणाच्या तरी मदतीने चालत होते. मात्र हे चालणे अंथरुणावर पडून वाट पाहिल्याने परत येत नाही, आणि नुसत्या मालिशीनेही येत नाही.

याचे कारण असे की पक्षाघातात पायाचे स्नायू मुळात शाबूत असतात. त्यांना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे थांबलेला असतो किंवा रक्तस्रावाने तो भाग दुखावलेला असतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण आसपासचा आणि उरलेला मेंदू त्यांचे काम काही प्रमाणात उचलू शकतो. ते काम त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा आले तरच तो ते उचलतो. तेल चोळताना रुग्णाला बरे वाटते, आणि बरे वाटण्याला माझी हरकत नाही. परंतु त्या वेळी कष्ट चोळणाऱ्याचे होतात आणि रुग्णाचा मेंदू स्वस्थ असतो. शिवाय त्या बाजूची संवेदना कमी झालेली असेल, तर गरम तेलाने किंवा शेकाच्या पिशवीने भाजलेले रुग्णाला कळतही नाही.

सुरुवात केव्हा करावी, याबाबत उतावीळपणाही नको. पाच देशांतील २,१०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे दिसले की, पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा थोडी मागे होती. तेव्हा पहिला दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने जाऊ द्यावा आणि रक्तदाब स्थिरावला की थोडे थोडे, पण दिवसातून अनेकदा उठवावे.

चालण्याचा खरा पाया खुर्चीतून उठण्यात आहे, म्हणून या एका व्यायामावर मी जरा रेंगाळणार आहे. हात असलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. खोल सोफा किंवा बुटके स्टूल चालणार नाही. रुग्णाने बैठकीच्या कडेपर्यंत पुढे सरकावे आणि दोन्ही टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्याव्यात. तोल सावरू लागला की दुबळा पाय चांगल्या पायापेक्षा आणखी थोडा मागे ठेवावा, म्हणजे उठताना भार त्याच्यावर येतो. मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतके वाकून उठावे, आणि बसताना धपकन न बसता सावकाश खाली यावे. एवढे सांगूनही रुग्ण चांगल्या पायावरच उठतो, कारण दुबळ्या पायाची त्याला भीती वाटत असते. घरी वजनकाटे असतील तर एकसारखे दोन काटे शेजारी शेजारी ठेवून, मदतीला माणूस घेऊन, प्रत्येकावर एकेक पाय ठेवत उभे करून पाहावे. साठ किलोच्या माणसाचे पंचेचाळीस किलो एका काट्यावर आणि जेमतेम पंधरा दुसऱ्यावर दिसले, की दोन्ही पायांवर नीट उभा असल्याचा त्याचा समज तिथल्या तिथे दूर होतो.

येथे घरच्यांना एक कळकळीची विनंती आहे. रुग्णाला उठवताना दुबळा हात धरून ओढू नका. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असल्याने सांधा निसटतो आणि मग खांद्याचे दुखणे चालण्याच्या सरावाच्याही आड येते. दुबळ्या बाजूला उभे राहा आणि कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरा. मायेपोटी काखेत हात घालून उचलून धरले, तर पायाला करायला काहीच उरत नाही.

पाऊल टाकताना बहुतेकांची बोटे जमिनीला घासतात, कारण घोटा वर उचलत नाही. मग रुग्ण कंबर उचलून, पाय बाहेरून फिरवत पुढे आणतो. अशा वेळी घोट्याला काटकोनात धरणारा प्लास्टिकचा स्प्लिंट फार उपयोगी पडतो. त्याची सवय लागेल या धास्तीने तो कपाटात ठेवून देणारी घरे मी पाहिली आहेत, पण न पडता शंभर पावले टाकणे हे घसरत टाकलेल्या दहा पावलांपेक्षा केव्हाही चांगले. मागे पट्टा नसलेली चप्पल मात्र बंदच करावी, कारण ती दुबळ्या पायातून निसटते आणि कळतसुद्धा नाही. काठी चांगल्या हातात धरावी आणि काठी, दुबळा पाय, चांगला पाय असा क्रम ठेवावा. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुबळा पाय आधी ठेवावा.

यंत्रांविषयीही विचारणा होते. वरून पट्ट्याने शरीराचा भार पेलून ट्रेडमिलवर चालवण्याची पद्धत आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करून घेतलेले ताकदीचे व तोलाचे व्यायाम यांची तुलना अमेरिकेत ४०८ रुग्णांवर करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०११ साली आले. वर्षाअखेरीस एकूण ५२ टक्के रुग्णांचे चालणे वरच्या पायरीवर गेले होते आणि दोन्ही पद्धतींत फरक आढळला नाही. ट्रेडमिलचा सराव सहा महिन्यांनी सुरू केलेला गटही वर्षाच्या शेवटी इतरांच्या बरोबरीला आला. म्हणून तीन महिने उलटले, आता काही होणार नाही, असे कोणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नये. सुधारणेचा वेग सुरुवातीला जास्त असतो हे खरे, पण दार बंद होत नाही.

आपल्या देशातही १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर एक चाचणी झाली, जिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात नातेवाइकांना शिकवून घरीच व्यायाम करून घेतला गेला, पण सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत परावलंबित्वात फरक पडला नाही. घरच्यांनी हात आखडता घ्यावा, असा याचा अर्थ मी घेत नाही. परंतु काय करायचे आणि ते कधी वाढवायचे, हे ठरवायला प्रशिक्षित माणूस अधूनमधून लागतोच, असे माझे मत आहे.

व्यायाम करताना छातीत दुखले, धाप थांबेना, किंवा नव्याने तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर व्यायाम तिथेच थांबवून थेट रुग्णालय गाठावे.

प्रगती मोजण्यासाठी घरातल्या पॅसेजमध्ये चार मीटर अंतरावर दोन चिकटपट्ट्या लावा. पहिल्या पट्टीच्या थोडे अलीकडून चालायला सांगा आणि दोन पट्ट्यांमधले अंतर किती सेकंदांत कापले ते मोबाइलवर मोजा. दहा सेकंदांहून जास्त लागत असतील, तर चालणे सहसा घरापुरते राहते. पाच सेकंदांच्या आत आले, तर बाजारात एकट्याने जाण्याचा विचार करता येतो. महिन्यातून एकदा हा आकडा कॅलेंडरवर लिहा आणि फिजिओथेरपिस्टकडे जाताना ते पान सोबत न्या.