१७ डॉलरची गिटार आणि १४वा क्रमांक

नमस्कार. १९६० सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या कंट्री, म्हणजे तिथल्या ग्रामीण धाटणीच्या, गाण्यांच्या यादीत एक अनोळखी गाणे चढत चढत १४व्या क्रमांकापर्यंत गेले. गाण्याचे नाव ‘आय ॲम अ हॉन्की टॉन्क गर्ल’, आणि ते लिहिणारी व गाणारी लोरेटा लिन ही तेव्हा २८ वर्षांची, चार मुलांची आई होती. पुढे त्यांची कितीतरी गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. तरीही मला त्या सगळ्यांपेक्षा हा १४वा क्रमांक अधिक नवलाचा वाटतो, कारण त्याच्या पाठीशी कोणतीही बडी कंपनी नव्हती.

लोरेटा यांचा जन्म १९३२ सालचा, केंटकी राज्यातील बुचर हॉलो या डोंगराळ वस्तीतला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. पंधराव्या वर्षी ऑलिव्हर लिन यांच्याशी लग्न झाले आणि हे जोडपे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत असलेल्या वॉशिंग्टन राज्यातील कस्टर या गावी राहायला गेले. तेथे १९५३ साली नवऱ्याने १७ डॉलरची ‘हार्मनी’ गिटार आणून दिली. शिकवायला कोणी नव्हते, तेव्हा घरकाम आणि मुलांचे करता करता लोरेटा स्वतःच ती वाजवायला शिकल्या.

‘हॉन्की टॉन्क’ म्हणजे साध्यासुध्या लोकांचा दारूचा गुत्ता, जिथे बिअरबरोबर संगीतही असते. दुःख बुडवायला तिथे जाऊन बसणारा पुरुष कंट्री गाण्यांना नवा नव्हता. लोरेटा यांच्या गाण्यात मात्र प्रियकराने टाकलेली बाई तिथे बसली आहे आणि आपली अवस्था आपल्याच तोंडाने सांगते आहे. किटी वेल्स या गायिकेने १९५२ साली एका गाण्यात बाईची बाजू मांडून ही वाट मोकळी केली होती, आणि लोरेटा त्यांना फार मानत.

‘झिरो रेकॉर्ड्स’ या नवख्या, छोट्या कंपनीने फेब्रुवारी १९६०मध्ये हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रण केले. स्टील गिटारवर स्पीडी वेस्ट होते. या वाद्यात डाव्या हातातील धातूची कांडी तारांवरून सरकवतात, त्यामुळे एक सूर दुसऱ्या सुरात ओघळत जातो. शास्त्रीय गाणे ऐकणाऱ्यांनी याला मींड म्हटले तर चूक नाही. त्या ओघळणाऱ्या सुरांशेजारी लोरेटा यांचा आवाज सरळ आणि धारदार लागतो, उच्चार तर थेट डोंगरातले. कोणी ते घासूनपुसून गुळगुळीत केले नाहीत, हे गाण्याचे भाग्यच म्हणायचे.

पण तबकडी निघाली म्हणून ती ऐकली जातेच असे नाही. ती रेडिओवर वाजवायची की नाही हे त्या त्या केंद्रावरचा निवेदक ठरवत असे, आणि छोट्या कंपनीकडे त्याच्यापर्यंत पोहोचायला माणसेच नव्हती. म्हणून नवरा-बायकोने घरीच तबकड्यांची पाकिटे बांधली, प्रत्येकात लोरेटा यांचे छायाचित्र घातले आणि ती देशभरच्या केंद्रांकडे टपालाने रवाना केली. त्यानंतर मोटार काढून ते स्वतः निघाले. मैलोन्‌मैल प्रवास करायचा, रेडिओचा मनोरा दिसला की गाडी थांबवायची, आत जाऊन निवेदकाला भेटायचे आणि आमची तबकडी लावा म्हणून विनवायचे. खाणे म्हणजे बलोनी नावाच्या स्वस्त मांसाच्या चकत्या आणि चीज घातलेले सँडविच, झोपणे मोटारीतच. एखाद्या विक्रेत्याने दारोदार फिरावे तसाच हा प्रकार होता, फरक इतकाच की माल जिचा, तीच समोर उभी असे. गाणे चांगले होते यात शंका नाही, पण ते १४व्या क्रमांकावर नेले ते या पायपिटीने, असे माझे मत आहे.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला नॅशव्हिल शहरात, ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या सर्वांत मानाच्या रेडिओ कार्यक्रमात लोरेटा पहिल्यांदा उभ्या राहिल्या. गायल्या हेच गाणे. दुसरे गाजलेले गाणे त्यांच्याजवळ अजून नव्हतेच.